आठ सेल की बारा: नाशिकच्या एका घरातल्या रिचार्जेबल सेलचा हिशेब

पार्श्वभूमी

घर नाशिकचं, माणसं सहा. आजी-आजोबा, आई-वडील, दहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. सेलवर चालणाऱ्या वस्तू कोणत्याही मध्यमवर्गीय घरात असतात तेवढ्याच: भिंतीवरची तीन घड्याळं, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि एसीचे रिमोट, वायरलेस माऊस, आजोबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र, बारीक (एएए) सेलचा टॉर्च, गच्चीवरच्या गॅस गिझरचे दोन मोठे सेल, मुलीच्या गेमचा कंट्रोलर आणि मुलाची रिमोटवर पळणारी गाडी.

सेल कोपऱ्यावरच्या दुकानातून लागतील तसे यायचे. गाडीला १५ रुपयांचे साधे (झिंक-कार्बन) सेल, कंट्रोलरला ४५ रुपयांचे अल्कलाइन. खर्च दहा-वीस रुपयांच्या चिल्लरीत विरून जात असल्यानं वर्षाला किती होतो याचा अंदाज कोणालाच नव्हता.

अडचण

नव्या खरेदीआधी घरी एक स्वस्त संच आला होता: चार रिचार्जेबल पेन्सिल (एए) सेल आणि चार्जर मिळून ५५० रुपये, सेलवर छापलेली क्षमता ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते याचं माप). पहिले काही आठवडे गाडी एका चार्जमध्ये अर्धा तास चालली. पाचव्या महिन्यात ती नऊ मिनिटांवर आली. चार्जरमधून काढताना सेल हाताला चटका बसेल इतके गरम लागत. घरात मत पक्कं झालं की रिचार्जेबल सेल म्हणजे पैसे पाण्यात, आणि पुन्हा साधे सेल येऊ लागले.

हे मत बहुतेक घरांत असंच तयार होतं. पहिला अनुभव वाईट सेल आणि त्याहून वाईट चार्जर यांचा असतो, आणि दोष मात्र सगळ्या प्रकारालाच लागतो.

जुना संच का मेला

नवीन काही घेण्याआधी वडिलांनी जुन्या संचाची तपासणी केली, आणि पुढचे सगळे निर्णय त्यातूनच निघाले.

पहिली तपासणी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. चार सेल एकदम ठेवले तर भरले ७३ ग्रॅम, म्हणजे एक साधारण १८ ग्रॅमचा. निकेल मेटल हायड्राइड, म्हणजे घरात नेहमी दिसणाऱ्या रिचार्जेबल प्रकारचा २००० एमएएचचा खरा पेन्सिल सेल २६-२७ ग्रॅमचा असतो आणि २५०० चा ३० ग्रॅमच्या आसपास. क्षमता आतल्या धातूच्या मालातून येते. माल कमी तर वजन कमी आणि क्षमताही कमी. शिवाय पेन्सिल सेलच्या मापात या प्रकाराची मर्यादा २७००-२८०० एमएएचच्या पुढे जात नाही. बारीक सेलमध्ये ती साधारण ११०० आहे. त्यामुळे ३००० हा आकडा छापलेला दिसला की पुढे तपासायची गरजच उरत नाही.

दुसरी तपासणी मल्टिमीटरनं. चार्ज करून २४ तास ठेवलेल्या तीन सेलचा विजेचा दाब १.२९ ते १.३१ व्होल्ट आला, चौथ्याचा १.०८. गाडीत चारही सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो आणि सर्वांत कमकुवत सेल संपला की गाडी थांबते. पुढे नवीन चार्जर आल्यावर याच सेलची क्षमता मोजली: ६९०, ६४०, ७१० आणि २१० एमएएच. गाडी साधारण १.४ अँपिअर ओढते. २१० एमएएच म्हणजे ०.२१ अँपिअर-तास, त्याला १.४ नं भागलं तर ०.१५ तास, म्हणजे नऊ मिनिटं.

आता चार्जर. त्यात दोन-दोन सेल एका रांगेत चार्ज होत, प्रवाह २५० मिलिअँपिअर, आणि सेल भरल्यावर थांबण्याची सोय नव्हती. डब्यावरची सूचना होती १४ तास चार्ज करा. ३००० च्या सेलला २५० मिलिअँपिअरनं एवढा वेळ लागेलही. पण हे सेल प्रत्यक्षात ७००-८०० चे होते, म्हणजे चार तासांत भरायचे. त्यानंतरचे दहा तास आत जाणाऱ्या विजेची निव्वळ उष्णता होत होती. त्या उष्णतेनं आतल्या वायूचा दाब वाढतो, सुरक्षा-झडपेतून वायू निसटतो, आतलं द्रावण सुकतं आणि क्षमता कायमची जाते. जोडीनं चार्ज केल्यानं भर पडली ती वेगळीच. जोडीतला लहान सेल आधी भरतो, तरी मोठा भरेपर्यंत त्याला भाजत राहावं लागतं.

छापलेला खोटा आकडा फक्त फसवणूक करून थांबत नाही. त्या आकड्यावरून ठरलेली चार्जिंगची वेळ सेलला मारतेही.

कोणत्या वस्तूला काय लागतं

दुसरा निर्णय खरेदीआधीचाच, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. चार आठवडे फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि कुठला सेल कधी बदलला ते लिहिलं. महिन्याअखेर कागदावर एवढंच होतं: गाडीचे चार साधे सेल तीनदा, म्हणजे १८० रुपये. कंट्रोलरचे दोन अल्कलाइन दोनदा, तेही १८० रुपये. टॉर्चचे तीन बारीक सेल एकदा, ६० रुपये. घड्याळं, रिमोट, माऊस, रक्तदाबाचं यंत्र यांत काहीच बदललं नव्हतं.

रिचार्जेबल सेल पुन्हा पुन्हा वापरला तरच परवडतो. घड्याळाला मिलिअँपिअरचा काही अंश पुरतो, म्हणून १५ रुपयांचा साधा सेल वर्षभर सहज चालतो. तिथे २७५ रुपयांचा सेल घातला तर पैसे वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील, तोवर सेलच म्हातारा होऊन मरेल. रिमोटचंही तेच. म्हणून घड्याळं आणि रिमोट होते तसेच ठेवले, फक्त दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत सेल बदलायचे असं ठरलं. संपलेला सेल आत राहिला की गळतो. गळलेलं साफ करताना एक फरक लक्षात ठेवावा: अल्कलाइनची पांढरी पूड लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या बोळ्यानं निघते, कारण ती क्षारधर्मी असते. साध्या सेलची गळती आम्लधर्मी, तिला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं.

रक्तदाबाच्या यंत्रावर थोडा विचार करावा लागला. त्याच्या माहितीपत्रकात अल्कलाइन सेलच वापरा असं स्पष्ट लिहिलं होतं. पट्टा फुगवणाऱ्या पंपाला चांगला प्रवाह लागतो, तो रिचार्जेबल सेल देऊ शकतो, पण यंत्राची 'सेल कमी' ही खूण १.५ व्होल्टच्या सेलवर बेतलेली असते. मात्र यंत्राच्या बाजूला अडॅप्टरचं भोक होतं, आजवर कोणी वापरलं नव्हतं. त्याच कंपनीचा अडॅप्टर आणला, यंत्र आजोबांच्या पलंगाशेजारी कायमचं जोडलं, आणि वीज गेली तर चालावं म्हणून आत अल्कलाइन ठेवले. सेलच्या प्रश्नाला कधी कधी सेल हे उत्तरच नसतं.

गॅस गिझरसाठी पेन्सिल सेल मोठ्या सेलच्या मापाच्या खोळीत घालून वापरायची कल्पना निघाली होती. ती सोडली. दोन साध्या सेलचे ३ व्होल्ट होतात, दोन रिचार्जेबलचे २.४. त्या दाबावर ठिणगी आणि गॅसची झडप नीट चालेल याची हमी गिझरच्या माहितीपत्रकात नव्हती. जिथे गॅस आहे तिथे असला प्रयोग करू नये.

उरल्या दोन वस्तू, गाडी आणि कंट्रोलर. पेन्सिल सेलचा सगळा खर्च या दोघांवरच होता.

तोललेले पर्याय

साधे सेल चालू ठेवणं हा पर्याय दिसतो तेवढा स्वस्त नव्हता. मोटारीसारखा जास्त प्रवाह ओढणाऱ्या वस्तूत साध्या सेलचा दाब झपाट्यानं पडतो. १५ रुपयांच्या चार सेलवर गाडी २५ मिनिटं चालायची. "रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, साधा १.५ चा, मग गाडी हळू चालणार नाही का?" हा प्रश्न घरात आला, आणि तो सगळीकडेच येतो. १.५ हा नव्या सेलचा, काम नसतानाचा दाब आहे. मोटार सुरू झाली की साधा सेल लगेच त्याच्या बराच खाली येतो आणि घसरतच राहतो. रिचार्जेबल सेल मात्र शेवटच्या टप्प्यापर्यंत १.२ च्या आसपास टिकून राहतो. प्रत्यक्षात गाडी जास्त जोरात पळाली.

दुसरा पर्याय, १.५ व्होल्टचे लिथियम सेल, ज्यांच्या अंगावरच यूएसबीचं भोक असतं. दाब कायम १.५, वजनाला हलके, चार्जर वेगळा लागत नाही. आकडे मात्र नीट वाचावे लागतात. त्यांच्यावर ३३०० किंवा ३४०० असं ठळक छापलेलं असतं, ते एमएएच नसून एमडब्ल्यूएच (मिलिवॉट-तास) असतं. १.५ नं भागलं की साधारण २२०० एमएएच उरतात. घरच्या वापरात दोन अडचणी होत्या. हा सेल शेवटपर्यंत १.५ देतो आणि मग एकदम बंद पडतो, त्यामुळे कंट्रोलरवर 'सेल कमी' ही सूचना येण्याआधीच खेळ संपतो. आणि दाब उतरवणाऱ्या आतल्या सर्किटचा रेडिओ गोंगाट गाडीच्या रिसीव्हरला त्रास देऊ शकतो. शिवाय असा सेल चुकून निकेलच्या चार्जरमध्ये गेला तर धोका आहे, आणि घरात आठ वर्षांचा मुलगा सेल बदलतो. म्हणून हा पर्याय बाजूला ठेवला. जिथे १.५ व्होल्टशिवाय वस्तू चालतच नाही तिथे तो योग्य आहे. याच मापात ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही बाजारात मिळतात. ते खेळण्यात घातले तर खेळणं जळतं, म्हणून घेताना व्होल्ट वाचावेत.

राहिले कमी झिरपणारे निकेल मेटल हायड्राइड सेल. या प्रकाराचे जुने सेल कपाटात नुसते पडून महिन्याला पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त चार्ज गमवायचे. सान्यो या जपानी कंपनीनं नोव्हेंबर २००५ मध्ये एनेलूप बाजारात आणला आणि हे चित्र बदललं. तो वर्षभरानंतरही बहुतांश चार्ज राखून असे, आणि पुढे इतर कंपन्यांनीही असे सेल काढले. आता एनेलूप पॅनासॉनिकच्या नावानं येतो.

त्यातही दोन वाटा होत्या: १९००-२००० एमएएचचे प्रमाण सेल, किंवा २४५०-२५५० चे जास्त क्षमतेचे. एनेलूपमध्ये प्रमाण सेलवर २१०० वेळा आणि जास्त क्षमतेच्या सेलवर ५०० वेळा चार्ज होण्याचा दावा आहे. इथे बहुतेक जण किमतीला आवर्तनांनी भागून 'दर चार्जला किती पैसे' असं गणित मांडतात. ते गणित घरात लागू पडत नाही. गाडी महिन्याला तीनदा चार्ज केली तरी वर्षाला ३६ वेळा होतात, म्हणजे ५०० वेळांना चौदा वर्षं लागतील. तेवढ्यात सेल वयानंच थकेल. आवर्तनांच्या आकड्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. तो सेल किती हयगय सोसेल याचा अंदाज देतो. जास्त क्षमतेसाठी सेलच्या आतले पडदे पातळ करून माल ठासावा लागतो, असा सेल उष्णतेला आणि पार रिकामा होण्याला लवकर बळी पडतो. मुलाच्या हातातली गाडी तर पार थांबेपर्यंत पळणारच. म्हणून प्रमाण सेल घेतले.

काय घेतलं, कसं वापरलं

आठ पेन्सिल सेल, प्रत्येकी २७५ रुपयांना, एकूण २,२०० रुपये. घेताना तीन गोष्टी पाहिल्या. अंगावर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'आर-' नंतरचा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे का, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलना ही नोंदणी सक्तीची आहे आणि क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. क्षमतेपुढे 'किमान' असा शब्द आहे का. आणि घरी आल्यावर वजन: आठ सेल २१२ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी साडेसव्वीस.

चार्जर १,९०० रुपयांचा, चार स्वतंत्र कप्प्यांचा, क्षमता मोजून पडद्यावर दाखवणारा. असा चार्जर सेल भरल्याचं कसं ओळखतो हे समजून घेण्यासारखं आहे. भरत असताना सेलचा दाब वाढत जातो आणि पूर्ण भरल्यावर काही मिलिव्होल्टनं खाली येतो. ती छोटी घसरण पकडून चार्जर थांबतो. पण प्रवाह फार कमी असेल तर घसरण इतकी हलकी होते की चार्जरला ती दिसतच नाही. या घरात सुरुवातीला हेच झालं. चार्जर आपोआप २०० मिलिअँपिअरवर सुरू व्हायचा, 'हळू चार्ज म्हणजे सेलला चांगलं' असं समजून तोच ठेवला, आणि सकाळी दोन कप्पे अजून चालूच होते. ५०० वर ठेवल्यावर साधारण साडेचार तासांत चारही कप्पे आपापल्या वेळेला थांबू लागले. २००० च्या सेलला ५०० ते १००० हा पट्टा योग्य.

नाशिकच्या एप्रिलमध्ये चार्जिंग रात्री किंवा पहाटे, आणि चार्जर उघड्या टेबलावर. सभोवतालचं तापमान ४० अंशांवर गेलं की सेलमध्ये चार्ज नीट शिरत नाही आणि उष्णताच वाढते.

मधली चूक

आठचा हिशेब असा होता: गाडीला चार, कंट्रोलरला दोन, शिल्लक दोन. चूक इथेच झाली. गाडीचे सेल संपले की चार लागतात आणि घरात भरलेले फक्त दोन.

तिसऱ्या महिन्यात घरी पाहुण्यांची मुलं आली असताना गाडी थांबली. मुलानं दोन भरलेले सेल घातले आणि उरलेल्या दोन जागी जुनेच ठेवले. गाडी पुन्हा चालली, हळूहळू का होईना, आणि मुलं ती पार थांबेपर्यंत चालवत राहिली. अशा वेळी रिकाम्या सेलमधून भरलेले सेल प्रवाह ढकलत राहतात आणि रिकाम्या सेलचं टोक उलटतं, धनाच्या जागी ऋण होतं. निकेलच्या सेलला यापेक्षा मोठी इजा क्वचितच होते.

रात्री चार्जरनं ते दोन सेल ओळखलेच नाहीत, कारण दाब अगदी तळाला गेला की हुशार चार्जर सेल बिघडला असं समजतो. वडिलांनी ते जुन्या बिनडोक चार्जरमध्ये समोर बसून पाच मिनिटं ठेवले, दाब वर आला आणि नव्या चार्जरनं ते घेतले. मोजलेली क्षमता १,६१० आणि १,५८०. इतर सहा तोपर्यंत १,९२० ते १,९५० दाखवत होते. तीनदा पूर्ण रिकामं करून भरल्यावर हे दोन १,७६० पर्यंत आले, त्यापुढे गेले नाहीत. त्यांच्यावर लाल ठिपका काढला आणि एक माऊसमध्ये, दुसरा त्याला बदली म्हणून ठेवला. माऊसला एकच सेल लागतो, तिथे जोडी जुळवायचा प्रश्न नाही.

मग चार सेल आणखी आले, १,१०० रुपयांचे. मार्करनं अक्षरं लिहिली: गाडीचे दोन संच 'क' आणि 'ख', कंट्रोलरची जोडी 'ग'. नियम मुलानं स्वतः कागदावर लिहून चार्जरजवळ लावला: एका अक्षराचे सेल एकत्र घालायचे, एकत्र काढायचे, आणि गाडी मंदावली की थांबवायची. ही मोडतोड त्यानंतर झालेली नाही.

चौदा महिन्यांनी

नोंदवही चालू ठेवल्यानं हिशेब मांडता येतो. गाडीचे संच ३८ वेळा चार्ज झाले, म्हणजे १५२ सेल. कंट्रोलरची जोडी ३० वेळा, म्हणजे ६० सेल. दहावीच्या परीक्षेचे तीन महिने कंट्रोलर जवळपास बंद होता.

गाडीत एक चार्ज म्हणजे वाचलेला एक साधा सेल असं धरलं: २,२८० रुपये. प्रत्यक्षात गाडी आता एका चार्जमध्ये ८० मिनिटं पळते, म्हणजे साध्या सेलच्या तिप्पट. पण तिप्पट सेल घरात कधी आलेच नसते, म्हणून ती बचत धरणं बरोबर नाही. कंट्रोलर कमी प्रवाह ओढतो, तिथे अल्कलाइन रिचार्जेबलपेक्षा जास्त टिकतो, म्हणून ६० चार्ज म्हणजे ४८ अल्कलाइन धरले: २,१६० रुपये. एकूण वाचले ४,४४०. विजेचा खर्च सगळ्या २१२ सेलचा मिळून सुमारे एक युनिट.

गुंतवणूक ५,२०० रुपयांची. म्हणजे चौदा महिन्यांत पैसे अजून पूर्ण निघालेले नाहीत. महिना ३१७ रुपयांच्या वेगानं सतराव्या महिन्यात निघतील. बारापैकी दहा सेल अजून १,९०० च्या वर आहेत, तेव्हा पुढची काही वर्षं निव्वळ बचतीची.

वेगळं काय करता आलं असतं

सेल सुरुवातीलाच बारा घ्यायला हवे होते. ज्या वस्तूला एका वेळी जास्तीत जास्त सेल लागतात, तिचे दोन पूर्ण संच हा मोजमापाचा पाया ठेवावा. दोन सेलची क्षमता वाचली असती ते तर झालंच, पण मुलाला साडेचार तास थांबायला सांगणं हा नियमच टिकणारा नव्हता.

चार्जरबाबत दोन मतं आहेत. ९०० रुपयांचा, मोजमाप न दाखवणारा पण चार स्वतंत्र कप्प्यांचा आणि आपोआप थांबणारा चार्जर घेतला असता तर पैसे चौदाव्या महिन्यातच निघाले असते. मग जुन्या संचाची खरी क्षमता कळली नसती आणि लाल ठिपक्याचे दोन सेल गाडीच्या संचात मिसळून बाकीच्यांनाही खाली ओढत राहिले असते. आठपेक्षा कमी सेल असतील तर ९०० चा पुरे. त्याहून जास्त सेल आणि हाताळणारी मुलं असतील तर मोजणारा घ्यावा. स्वतंत्र कप्पे आणि आपोआप थांबणं या दोन गोष्टींवर मात्र कुठल्याही किमतीला तडजोड नको.

टॉर्च तसाच राहिला, ही चूक होती. तो महिनोन्महिने पडून असतो आणि नेमका वीज गेल्यावर लागतो. साध्या सेलनी त्याची स्प्रिंग एकदा गंजवली होती. कमी झिरपणारे तीन बारीक सेल तिथे पैशाच्या हिशेबात बसत नाहीत, पण गळण्याची भीती कमी होते. ते आता आणले आहेत, आणि दर गणपतीला चार्ज करायचे ठरले आहे.

जुन्या संचाचे चार सेल एका प्लास्टिकच्या डबीत, टोकांना चिकटपट्टी लावून ठेवले होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते घरच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. मागच्या महिन्यात ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे गेले, जुन्या चार्जरसकट.